ऑस्करला सोबत कोणाची? मोठ्या शिकारी माशांचे टँकमेट

मिलिंद_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

घरी दोन टायगर ऑस्कर आहेत. आणले तेव्हा बोटाएवढे होते, आता वीतभर झालेत. सध्या चार फुटी टाकीत आहेत. दिवाळीपर्यंत सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी करून घेतोय, 12 मिमी काच, खाली सम्प (पाणी गाळायची वेगळी टाकी). लेकीचं म्हणणं, एवढ्या मोठ्या टाकीत दोनच मासे बरे दिसणार नाहीत.

दुकानदाराने यादी करून दिली: एक सिल्व्हर अरोवाना, एक रेड टेल कॅटफिश, एक अ‍ॅलिगेटर गार, दोन शार्क आणि काच साफ ठेवायला सकर. "सगळेच शिकारी आहेत, एकमेकांना वचकून राहतील," असं तो म्हणतो. मला हे पटत नाहीये. ऑस्कर ज्यांना खाणार नाहीत आणि जे ऑस्करना खाणार नाहीत, असे कोण ठेवता येतील? ज्यांनी स्वतः वर्षानुवर्षं ठेवलेत त्यांचं ऐकायचंय.

पाणवठा

मिलिंदभाऊ, आधी टाकीचं गणित करू, माशांचं नंतर.

सहा बाय दोन बाय दोन म्हणजे 24 घनफूट, साधारण 680 लिटर. वरची चार बोटं मोकळी सोडली, तळाला वाळू-दगड आले की हातात सहाशेच्या आसपास उरतात. आता यादीतले मासे मोठे झाल्यावर केवढे होतात ते बघा. सिल्व्हर अरोवाना तीन फूट. रेड टेल कॅटफिश चार फूट. दुकानातला 'शार्क' शार्क नव्हेच, तो पंगस, तोही तीन-चार फुटांपर्यंत जातो. गार सहा फुटांच्याही पुढे. तुमच्या टाकीची रुंदी दोन फूट आहे. तीन फुटी मासा त्यात वळणार कसा? लांबी सगळेच बघतात, पण मोठ्या माशाचं आयुष्य रुंदीवर ठरतं.

दुकानात हे सगळे तीन-चार इंचाचे असतात, एकाच काचेत शांत फिरत असतात, म्हणून त्यांचं जमतं असं वाटतं. वर्षभरात चित्र बदलतं. माझ्या मते ही यादी पूर्ण बाजूला ठेवा. सकरबद्दल वेगळं बोलू.

खादाड_खवय्या

तो पंगस म्हणजे हॉटेलात 'बासा' म्हणून येतो तोच ना? म्हणजे दुकानदाराने टँकमेट आणि रविवारचं जेवण एकाच यादीत दिलंय!

मिलिंद_डोंबिवली

लेकीला हे वाचून दाखवलं. शार्क रद्द झाल्याचं दुःख ती बासा शब्द ऐकून विसरली. :)

कोकणकन्या

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

शिकारी मासा आणि भांडखोर मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदाराचं "वचकून राहतील" इथेच फसतं. अरोवाना, गार, रेड टेल हे शिकारी. समोरचा तोंडात मावतो का, एवढंच ते बघतात. मावला की गिळला, त्यात राग नाही. फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा भांडखोर. त्याला तुम्हाला खायचं नसतं, हाकलायचं असतं. ऑस्कर दोन्हीच्या मध्ये. तोंडात मावेल ते खातो, पण सिक्लिड (आपली जागा राखणाऱ्या माशांचं कुळ) असल्यामुळे जागेवरूनही भांडतो, विशेषतः जोडी जमून अंडी घातली की. म्हणून सोबती निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: हा त्याच्या तोंडात मावतो का? आणि हा त्याच्या जागेवर हक्क सांगतो का?

तोंडाचा अंदाज लांबीवरून घेऊ नका. लांबट, नळीसारखा मासा सहा इंचाचा असला तरी आत जातो. सिल्व्हर डॉलर तेवढाच लांब, पण ताटलीसारखा उभा, तो जात नाही. शिकारी माशाची जबडा उघडण्याची रुंदी आणि समोरच्याच्या अंगाची उंची, हे जुळवून बघायचं.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. छोटे कॅटफिश, पिक्टस किंवा सायनोडॉन्टिस, घशात गेले की छातीच्या परांचे काटे ताठ करून अडकवतात. मग गिळणाराही मरतो आणि गिळलेलाही. बाजारात शिंगाळा घेताना कोळीण आधी काटा मोडते, ते का, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मोठ्या ऑस्करसोबत लहान काटेरी कॅटफिश कधीच नको.

वऱ्हाडी_मासा

कोकणकन्या ताई, वाखु (वाचनखूण) साठवली. काट्याचं माहीत नव्हतं.

टेक्सासकर

ह्यूस्टनजवळ राहतो. अ‍ॅलिगेटर गार इथला मूळचा मासा, ट्रिनिटी नदीत गळ टाकणारे लोक त्याच्यासाठीच लांबून येतात. 2011 मध्ये मिसिसिपी राज्यात एका कोळ्याच्या जाळ्यात आला होता, त्याचं वजन 148 किलो भरलं. आठ फुटांहून लांब. त्याची अंडी विषारी असतात, पाण्यात प्राणवायू कमी पडला तर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि कित्येक दशकं जगतो. असा प्राणी नदीत बघितला की छाती दडपते. डोंबिवलीच्या हॉलमध्ये तो वाढूच शकत नाही. जगतो, पण पाठ वाकडी होते, तोंड काचेवर आपटून वाकतं. दुकानदाराने तो विकायला ठेवला तरी घेऊ नका, मिलिंदराव. एक विकला गेला की दुकानदार पुढचं पिल्लू मागवतो.

फ्लॉवरहॉर्न_फॅन

सगळे घाबरवतायत. मी वेगळं सांगतो. भांडण मोडायचं असेल तर गर्दी करा. टाकी भरून मासे सोडले की दादागिरी वाटली जाते, एकालाच मार बसत नाही. ओळखीच्या एकाकडे चार फुटात पंधरा सिक्लिड आहेत, मस्त चाललंय.

पाणवठा

ती युक्ती आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या म्बुना सिक्लिडची. ते पाच इंचाचे, शेवाळ खाणारे, आणि कड्याकपारीत दाटीने राहायची त्यांना सवयच. ऑस्कर फूटभर होतो, मांसाहारी आहे आणि खाताना अर्धं अन्न कल्ल्यातून भुग्यासारखं बाहेर टाकतो. त्याची घाण म्बुनाच्या कितीतरी पट. गर्दीने दादागिरी वाटली जाईल, त्या घाणीतून होणारा विषारी अमोनियाही सगळ्यांना वाटला जाईल.

शिवाय मलावीचं पाणी कडक, पीएच आठच्या आसपास. ऑस्कर अमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ पाण्याचा. आपल्या नळाच्या पाण्यात तो छान जुळवून घेतो, पण बोअरवेलचं कडक पाणी असेल तर अमोनियाचं गणित बिघडतं. पीएच 7 ला एकूण अमोनियातला विषारी भाग अर्ध्या-पाऊण टक्क्याचा असतो, पीएच 8 ला तोच साधारण पाच टक्के, म्हणजे जवळजवळ दहापट. गर्दीच्या टाकीत हा आकडा आधी मारतो, दात नंतर.

फ्लॉवरहॉर्न_फॅन

पीएचचा मुद्दा मान्य. पण माझा फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवलाय तर कंटाळलेला वाटतो हो.

कोकणकन्या

फॅन दादा, फ्लॉवरहॉर्नला एकटंच राहू द्या. हा माणसाने 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला मासा, त्याला निसर्गात सोबतीच नाही. त्याचं मन तुमच्यात रमतं. बोट काचेवर फिरवा, रोज एक गोटी किंवा तरंगता चेंडू द्या, खेळेल. आरसा दिवसातून दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका, दमतो.

बीम_कॉलम

माशांचं कळत नाही, पण स्लॅबचं कळतं म्हणून लिहितो.

680 किलो पाणी. 12 मिमी काच चौरस मीटरला 30 किलो, म्हणजे तुमची टाकी रिकामीच सव्वाशे किलोच्या आसपास. स्टँड, सम्प, त्यातलं पाणी, वाळू-दगड धरून एकूण भार हजार किलोच्या जवळ जातो. आणि हा सगळा जेमतेम 1.1 चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबला आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 200 किलो चलभार (माणसं-सामानाचा भार) धरतात. तो पूर्ण खोलीभर पसरलेला असतो म्हणून लगेच काही कोसळत नाही, पण खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या पुढे आलेल्या भागावर ही टाकी अजिबात नको. ज्या भिंतीखाली बीम आहे तिला चिकटून ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅबचं प्लास्टर सुटत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खालच्या मजल्यावरच्या लोकांचा जीव तुमच्या छंदावर टांगायचा नाही.

मिलिंद_डोंबिवली

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. उद्याच सोसायटीकडून नकाशा मागतो. खूप आभार.

तळ्यात_मळ्यात

एक विचारू का, रागावू नका. एवढे मोठे, हिंडायची सवय असलेले मासे घरात ठेवायचेच कशाला? सोबती शोधण्यापेक्षा छंदच बदलावा.

पाणवठा

तुमचा प्रश्न मी मनापासून घेतो. गार, रेड टेल, अमेझॉनचा महाकाय अरापाइमा यांच्याबाबतीत माझं उत्तर तुमच्यासारखंच आहे: नको. ऑस्कर मात्र नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, माणूस ओळखतो, टाकीत जागा बदलली की रुसून आडवा पडतो. त्याला जागा आणि स्वच्छ पाणी दिलं तर तो खंगत नाही. आणि मिलिंदभाऊंकडे ते दोघे आहेतच. आता त्यांची सोय उत्तम लावणं हेच काम.

सह्याद्री_पाखरू

परदेशी मासे कशाला? आपला मरळ ठेवा की! देखणा, शिकारी, आपल्या नदीतला. आणि फार वाढला तर नदीत सोडून द्या, पर्यावरणालाही बरं.

उजनीकर

थांबा, थांबा. नदीत सोडायचं नाव काढू नका.

मी भीमेच्या काठचा. उजनीत सकर किती झालाय ते येऊन बघा. घराघरांतल्या टाकीतून कुणीतरी 'जीवदान' म्हणून सोडला आणि आता आमच्या कोळ्यांच्या जाळ्यात हाच येतो. अंगावर हाडांची खवली, काटेरी पर, जाळं फाडतो, कुणी विकत घेत नाही. मासे काढायच्या वेळेत माणूस जाळी शिवत बसतो. दुकानदार सकर 'काच साफ करायला' देतो, तो दीड फुटाचा होतो हे सांगत नाही.

श्रीनगरच्या दल सरोवरात 2023 साली अ‍ॅलिगेटर गार सापडला. केरळात 2018 च्या पुरानंतर चालक्कुडी नदीत अरापाइमा मिळाले, पाळलेल्या तळ्यांतून वाहून आलेले. टिलापिया 1952 मध्ये भारतात आणला, आता कुठल्याही धरणात जाळं टाका, आहेच. थाई मांगूर, म्हणजे आफ्रिकन मांगूर, सरकारने 2000 सालीच बंद केला, तरी अजून निघतो. हे सगळं माणसाच्या हातून झालंय.

मरळही घरातला नदीत सोडायचा नाही. टाकीतले परजीवी, औषधाला न जुमानणारे जंतू सोबत जातात, आणि तो कुठल्या नदीतून आणला हे आपल्याला माहीत नसतं. मासा नको झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. पाण्यात नाही.

सह्याद्री_पाखरू

पटलं. सोडण्याचं मागे घेतो. पण मरळ टाकीत ठेवायला काय हरकत?

कोकणकन्या

मोठा मरळ ऑस्करसोबत नको. मरळाची मोठी जात, चन्ना मारुलियस, तीन फुटांच्या वर जाते, ऑस्कर त्याच्या तोंडात सहज. स्वतंत्र टाकी आणि घट्ट झाकण असेल तर मरळ एकटा ठेवण्यासारखा सुंदर मासा आहे. झाकण मात्र वजन ठेवून, तो डोक्याने उचलतो.

नीलाक्षी

झाकणाचा विषय निघालाच आहे तर. सिंगापूरला सात वर्षं राहिले, तिथे आशियाई अरोवाना घरोघरी. नातेवाइकांकडून "येताना एक घेऊन ये" असे फोन यायचे. तो साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 1 मध्ये आहे, नोंदणीकृत फार्ममधल्या माशाच्या अंगात मायक्रोचिप आणि सोबत प्रमाणपत्र असतं. भारतात 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी पाळायचे तर नोंदणी करावी लागते. कागदाशिवाय कुणी देत असेल तर हात लावू नका.

सिल्व्हर अरोवाना वेगळा, दक्षिण अमेरिकेतला. पण उडी दोघांचीही भयंकर. निसर्गात तो फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. घरात दिवा लागला, मांजर गेली, की थेट फरशीवर. मिलिंदजींच्या टाकीत पाणवठा म्हणतात तसा रुंदीमुळेच तो बसत नाही, पण कुणी आठ बाय तीन फूट करत असेल तर आधी झाकणाचा कारागीर शोधा. अरोवाना वरच्या थरातला, ऑस्कर मधल्या, बिचिर हा लांबट मासा तळाचा. अशी थरांची वाटणी होते म्हणून मोठ्या टाक्यांत हे तिघे लोक ठेवतात.

खादाड_खवय्या

आमच्या गल्लीतला एक जण 'पिराना' पाळतो म्हणून सांगायचा, पोरं बोट दाखवायला घाबरायची. शेवटी मी जवळून बघितला. रूपचंद! मासळी बाजारात रोज मिळतो. पोरांना सांगितलं तर त्याचा धाकच संपला.

कोकणकन्या

:) बरोबर ओळखलंत. रूपचंद म्हणजे पाकू. पिरानाचा खालचा जबडा पुढे आणि दात त्रिकोणी, सुरीसारखे. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे, फळं-बिया फोडायला. पण तो दोन-अडीच फूट होतो, म्हणून मिलिंददादांच्या यादीत तोही नको.

वऱ्हाडी_मासा

नागपूरचा अनुभव. बाहेर 45 अंश, टाकीतलं पाणी 33 वर जातं. 25 अंशाला पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मुरतो, 33 ला सव्वासातच्या आत. त्यात मोठे मासे म्हणजे गरज जास्त. दुपारी वीज गेली की तासाभरात सगळे वर येऊन तोंड उघडतात. मी इन्व्हर्टरवर एअरपंप जोडलाय, उन्हाळ्यात खाणं निम्मं करतो आणि संध्याकाळी पाणी बदलतो. सोबती वाढवायचे तर मे महिन्याचा विचार करून वाढवा, दिवाळीचा नाही. ऑक्टोबरात छान चाललेली टाकी मे मध्ये कोसळते.

आणि जिवंत मासे खायला घालू नका. गोल्डफिश, गप्पी घालणारे खूप आहेत. त्यांच्यासोबत रोग येतात, आणि गोल्डफिशमध्ये ब-1 जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं, रोज खाऊन ते जीवनसत्त्व कमी पडतं. सोललेली कोळंबी, चांगले पेलेट, अधूनमधून गांडुळं पुरेत.

फ्लॉवरहॉर्न_फॅन

जिवंत खाण्याने शिकारीची वृत्ती टिकते असं म्हणतात.

वऱ्हाडी_मासा

टिकते ना. म्हणूनच टाकीतला प्रत्येक लहान मासा मग खाणं वाटू लागतो. ज्याला सोबती ठेवायचेत त्याने तर अजिबात घालू नये.

मिलिंद_डोंबिवली

सगळ्यांचं वाचून आता असं ठरवतोय: दुकानदाराची यादी पूर्ण रद्द. दोन ऑस्कर, सहा सिल्व्हर डॉलर, दोन सेवेरम आणि तळाला एक सेनेगल बिचिर. सकर नाही, काच मी आणि लेक पुसू. कसं वाटतं?

पाणवठा

डॉलर उत्तम. कळपात राहतात, चपळ आहेत, सहा इंचाच्या आसपास थांबतात. त्यांच्या वावराने ऑस्करही निवांत होतात. आधी काहीच सोबती नसलेल्या टाकीत ऑस्कर कोपऱ्यात दबून असतात ते मोकळे फिरू लागलेले मी पाहिलेत. फक्त घेताना चार इंचाच्या आतले घेऊ नका.

सेवेरमबद्दल मी साशंक. तोही सिक्लिड, जागेवरून खटके उडतात. ऑस्करची जोडी जमली तर पहिला मार त्यालाच.

नीलाक्षी

मी असहमत. सहा फुटात सेवेरम आणि ऑस्कर छान राहिलेले पाहिलेत, दगड-लाकडाने टाकीचे दोन-तीन भाग पाडले की नजर अडते आणि भांडण विरतं. बिचिरची मला जास्त काळजी. दिसायला कडक, अंगावर चिलखतासारखी खवली, पण खायला हळू आणि रात्रीचा. ऑस्कर त्याच्या वाटणीचं सगळं फस्त करतात, तो महिनोन्महिने उपाशी राहतो आणि मालकाला वाटतं जमतंय.

कोकणकन्या

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. बिचिरला दिवे बंद झाल्यावर तळाशी बुडणारे पेलेट नळीने सोडा, ऑस्करचं पोट आधी भरून. आठ-दहा इंचाचाच घ्या, पेन्सिलएवढा नको, तोंडाचा नियम आठवा. आणि झाकणाला एकही फट नको, बिचिर बाहेर येऊन हवेवर बराच वेळ तग धरतो आणि मग पलंगाखाली सापडतो.

सेवेरम सध्या थांबवा. ऑस्करचे नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. सहा महिने बघा, जोडी जमते का. जमली नाही तर सेवेरम आणा.

बीम_कॉलम

आणि पाणी 680 वरच ठेवा, मासे वाढले म्हणून टाकी वाढवू नका. :)

मिलिंद_डोंबिवली

ठरलं, सेवेरम पुढच्या वर्षी. आता सोडण्याचा क्रम सांगा. ऑस्कर आधी की डॉलर?

पाणवठा

नव्या टाकीत डॉलर आणि बिचिर आधी, ऑस्कर शेवटी. जागा आधी ज्याची, तोंड त्याचं मोठं. जुन्या फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नव्या सम्पमध्ये टाका म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू तयारच येतील. तरी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत ऑस्कर चार फुटीतच राहू द्या.

डॉलर-बिचिर दुकानातून थेट टाकीत नको. वेगळ्या टबमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, पांढरे ठिपके, शेपटीची सड, काय असेल ते तिथेच कळेल. ऑस्कर सोडाल त्या दिवशी दगड-लाकूड हलवून मांडणी बदला, दिवे बंद ठेवा, पोट भरून सोडा. पहिला आठवडा रोज शेपट्या मोजा. कुणाची चावलेली दिसली तर वाट बघू नका. आणि चार फुटी टाकी विकू नका, भांडणाऱ्याला हलवायला तीच लागणार.

मिलिंद_डोंबिवली

चार फुटी टाकी बायकोने आधीच कुंड्या ठेवायला मागून घेतली होती. आत्ता तिच्याशी बोललो, ती राहतेय. कुंड्यांसाठी बाल्कनीत फळी मारून देतो. डॉलर कुठे चांगले मिळतील? कुर्ल्याच्या बाजारात जाऊ का?

खादाड_खवय्या

कुर्ल्याला रविवारी सकाळी लवकर जा, ऊन व्हायच्या आत. पिशवीतल्या माशापेक्षा टाकीत पोहणारा घ्या, आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. जो खाणं बघून पुढे येतो तोच घ्यायचा. मीही येतो, मला तिथून पुढे मासळी बाजारातही जायचंय.